नॅटमधील पोर्ट आणि सत्रे

नेटवर्क पत्ता-रूपांतर, म्हणजेच नॅट, या पद्धतीमुळे खासगी जाळ्यातील अनेक उपकरणे एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून इंटरनेट वापरू शकतात. आयपीव्ही४चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच असतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांची क्रमांकित दस्तऐवजमाला) १६३१ या दस्तऐवजात ही पद्धत मांडली गेली. पत्त्याबरोबर पोर्टही बदलणाऱ्या, आज सर्वत्र रूढ असलेल्या प्रकाराचे वर्णन जानेवारी २००१च्या आरएफसी ३०२२मध्ये आढळते.

पोर्ट हा १६ बिटांचा क्रमांक असून एकाच यंत्रावरील निरनिराळ्या प्रोग्रॅमची वाहतूक त्यामुळे वेगळी राहते. समजा, १९२.१६८.१.२० या पत्त्यावरील ब्राउझरने आपला ५१००० हा पोर्ट वापरून १९८.५१.१००.७ या सर्व्हरच्या ४४३ पोर्टकडे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, पाठवले. राउटर त्यावरील प्रेषकाच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि, उदाहरणार्थ, ४००१२ हा पोर्ट लिहितो, चेकसम (पॅकेट बिघडले नाही ना हे तपासण्याची बेरीज) नव्याने काढतो आणि ही जोडी आपल्या तक्त्यात नोंदवतो. त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकानेही योगायोगाने ५१००० हाच पोर्ट निवडला, तर त्याला ४००१३ मिळतो. सर्व्हरचे उत्तर ४००१२वर आले की तक्ता पाहून ते मूळ ब्राउझरकडे वळवले जाते. या साऱ्याचा ब्राउझरला पत्ताही नसतो, आणि बहुतेक अडचणींचे मूळ या अनभिज्ञतेतच आहे.

तक्त्यातील नोंद किती काळ टिकते, हा अनुप्रयोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आधी जोडणी करून मग माहिती पाठवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलमध्ये जोडणीचा आरंभ आणि शेवट पॅकेटांवरील खुणांवरून कळतो. जोडणी न करताच पॅकेटे पाठवणाऱ्या यूडीपीमध्ये तशी खूणच नसल्याने राउटरला केवळ घड्याळावर विसंबावे लागते. आरएफसी ४७८७नुसार यूडीपीची नोंद सर्वसाधारणपणे २ मिनिटांच्या आत पुसू नये आणि शक्यतो ५ मिनिटे ठेवावी. प्रस्थापित पण निष्क्रिय टीसीपी जोडणीसाठी आरएफसी ५३८२ किमान २ तास ४ मिनिटांची मुदत सांगतो. टीसीपीचा जोडणी तपासणारा कीपअलाइव्ह संदेश मुळात २ तासांनी जातो, म्हणून ही मुदत त्याहून थोडी जास्त आहे. प्रत्यक्षात अनेक उपकरणे याहून घाई करतात. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरचा संगणक सुरक्षितपणे चालवण्याच्या प्रोटोकॉलने) उघडलेली खिडकी बराच वेळ तशीच ठेवून पुन्हा कळ दाबावी आणि पडदा गोठलेला दिसावा, असे घडते तेव्हा पुष्कळदा नोंद मधल्या मधे पुसली गेलेली असते, तरी दोन्ही टोकांना जोडणी शाबूत असल्याचेच वाटत राहते. म्हणून अनुप्रयोगाने स्वतःच ठरावीक अंतराने लहानसे पॅकेट पाठवत राहणे हा उपाय साधा असला तरी सर्वांत भरवशाचा आहे.

जे प्रोटोकॉल आपला पत्ता मजकुरातच लिहून पाठवतात, त्यांची गोष्ट अधिक बिकट आहे. फायली पाठवण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलच्या सक्रिय पद्धतीत क्लायंट स्वतःचा पत्ता आणि पोर्ट कळवतो व सर्व्हर तिकडे नवी जोडणी उघडू पाहतो. खासगी पत्ता बाहेर निरुपयोगी असल्याने, राउटरने मजकुरात हात घातला नाही तर ती जोडणी होतच नाही. निष्क्रिय पद्धतीत दोन्ही जोडण्या क्लायंटच सुरू करतो, त्यामुळे हा पेच सुटतो.

दोन्ही टोके नॅटमागे असताना थेट बोलायचे, तर आधी स्वतःचा बाहेरून दिसणारा पत्ता व पोर्ट जाणून घ्यावा लागतो. ते काम बाहेरच्या सर्व्हरला विचारून स्टन हा प्रोटोकॉल करतो. काही राउटर प्रत्येक नव्या गंतव्यासाठी वेगळा पोर्ट देतात, तेथे स्टनला मिळालेले उत्तर दुसऱ्या टोकासाठी सहसा कुचकामी ठरते आणि टर्न या मध्यस्थ सर्व्हरमार्फत वाहतूक न्यावी लागते. यांपैकी कोणता मार्ग चालतो हे आइस ही कार्यपद्धती पडताळून पाहते.

सेवा पुरवठादार स्वतःच नॅट वापरतो तेव्हा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. ग्राहकाच्या राउटरला अशा वेळी १००.६४.०.०/१० या राखीव पट्ट्यातील पत्ता मिळू शकतो, आणि घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्टवर आलेली वाहतूक आतल्या उपकरणाकडे वळवण्याची सोय) करूनही बाहेरची हाक आत पोहोचत नाही, कारण पुरवठादाराच्या नॅटच्या तक्त्यात तिची नोंदच नसते.