हिराबोळ, दालचिनी, वेखंड: विधीच्या तेलाची पार्श्वभूमी

टॅरो, क्रिस्टल आणि रंगीत मेणबत्त्या विकणाऱ्या ठाण्या-नवी मुंबईतल्या घरगुती व्यवसायांत आता हाताने बनवलेली विधीची तेलंही दिसू लागली आहेत. गडद काचेची छोटी बाटली, वर चिन्ह, आणि कपाळाला, मनगटाला, मेणबत्तीला किंवा विधीच्या कांडीला लावायच्या सूचना. या प्रकारात सर्वांत मानाचं नाव अब्रामेलिन तेलाचं. घेणारा ते पश्चिमेकडची गूढ वस्तू म्हणून घेतो. जिन्नस मात्र पाहावेत: हिराबोळ, दालचिनी, कुलिंजन किंवा वेखंड, आणि ऑलिव्ह तेल. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून पुड्या बांधून आणता येईल. हिराबोळ बाळंतिणीसाठी, वेखंड बाळासाठी, कुलिंजन बसलेल्या घशासाठी. आपल्याकडे यांची ओळख एवढीच.

या कृतीचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, निर्गमच्या तिसाव्या अध्यायात आहे. मोशेला सांगितलेलं माप असं: बोळ ५०० शेकेल, गोड दालचिनी २५०, सुगंधी वेत २५०, तज ५००, आणि एक हिन ऑलिव्ह तेल. या सुगंधी वेताला बहुतेक जण वेखंड मानतात. काहींच्या मते ते गवती चहाच्या कुळातलं गवत असावं. तो गांजाच होता, असा एक सिद्धान्त १९३६ मध्ये मांडला गेला आणि इंटरनेटवर तो अजून हौसेने फिरतो, पण बहुतेक अभ्यासकांना तो पटलेला नाही.

मापाचा हिशेब केला की एक अडचण समोर येते. शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा धरला तर सुगंधी द्रव्यं सोळा-सतरा किलो होतात, आणि हिन म्हणजे फार तर चार-सहा लिटर. एवढ्याशा तेलात एवढा माल भिजणार कसा? हा प्रश्न तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनाही पडला होता. एक मत म्हणे, मुळं तेलातच उकळली. दुसरं म्हणे, तेवढं तेल मुळांना चोपडायलाही पुरलं नसतं. म्हणून मुळं आधी पाण्यात भिजवली, वर तेल ओतलं, तेलाने वास धरला आणि मग ते वरून काढून घेतलं. आयुर्वेदातली तेल सिद्ध करण्याची रीत ज्याला माहीत आहे, त्याला या वादाचं नवल वाटणार नाही. आपल्याकडे त्याचं ठरलेलं गणित आहे: कल्क (वाटलेल्या औषधीचा गोळा) एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा पाणी सोळा भाग. पाणी आटेपर्यंत मंद आंच. कल्काची वात पेटवली आणि ती तडतडली नाही, तेलावर फेस आला, की तेल झालं. पाण्यात उतरणारं पाण्यात, तेलात उतरणारं तेलात, आणि पाण्यामुळे तळाचा माल करपत नाही. तालमूदमधलं दुसरं मत या रीतीच्या फार जवळ जातं. दोन्हींत काही देवाणघेवाण झाली असं माझं म्हणणं नाही. जाड मुळांतला वास थोड्या तेलात आणायचा तर माणसाला याच वाटेने जावं लागतं.

त्याच अध्यायात पुढे कडक मनाई आहे. हे तेल पवित्र निवासमंडप, तिथली पात्रं आणि याजक यांच्यासाठीच. याच प्रमाणात दुसरं कोणी बनवील किंवा परक्याला लावील तर तो आपल्या लोकांतून बाद. याचा ठाण्याशी संबंध आहे. टेंभी नाक्याजवळचं शाआर हाशामाईम सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) १८७९ चं, आणि बेने इस्रायल या मराठी यहुदी समाजाची मोठी वस्ती आज ठाण्यात आहे. कोकणात या समाजाची ओळख 'शनिवार तेली' अशी होती, कारण घाण्यावर तेल काढायचं हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. म्हणजे ज्यांच्या धर्मग्रंथात ही कृती आहे आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घाणा होता, त्यांना धर्माने ती करायला बंदी. तेलाची परंपरा पुढे नेली ती ख्रिस्ती चर्चने, तीही कृती बदलून. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चसारख्या कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि दृढीकरणाला जे क्रिझम वापरतात, ते ऑलिव्ह तेल आणि बाल्सम या सुगंधी राळेचं. पवित्र सप्ताहात बिशप त्यावर आशीर्वाद देतात. राजांच्या अभिषेकाचं तेल हीच शाखा. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्स राजाला लावलेल्या तेलात ऑलिव्हबरोबर तीळ, गुलाब, मोगऱ्याच्या जातीचं जाई-चमेलीचं अत्तर, दालचिनी आणि लोबानही होता.

हा माल पश्चिमेला जायचा त्या वाटेवर आपला किनाराही होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि भडोचहून निघणाऱ्या मालात जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ आहेत. उलट्या दिशेने भडोचला तयार सुगंधी लेपही यायचा, फारसा महाग नसलेला, असं तीच पुस्तिका नोंदवते. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिलं की इथे मिरी पिकत नाही, पण धूप पुष्कळ मिळतो, तोही पांढरा नव्हे, तपकिरी. बोळ मात्र आपला नाही. तो अरबस्तान आणि सोमालियाकडचा, आणि आजही तिकडूनच येतो. पुढे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने, ज्याच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात दालचिनी, कुलिंजन आणि वेखंड या तिन्हींवर स्वतंत्र प्रकरणं लिहिली.

मंदिरासाठी राखलेलं तेल जादूच्या विधीत आलं ते वर्म्सच्या अब्राहमच्या नावावर असलेल्या पुस्तकातून. अब्राहम हा जर्मन यहुदी; इजिप्तमध्ये अब्रामेलिन नावाच्या साधूकडून विद्या मिळाली, असं तो सांगतो. संरक्षक देवदूताची भेट व्हावी म्हणून महिनोन्‌महिने एकांतात प्रार्थना, आणि त्या साधनेत हे तेल. सर्वांत जुनी जर्मन हस्तलिखितं १६०८ ची आहेत, आणि त्यांतली कृती बायबलच्याच वळणाची, वेखंड असलेली. मॅकग्रेगर मॅदर्सने मात्र १८९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी भाषांतर केलं ते पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयातल्या फ्रेंच प्रतीवरून. त्या प्रतीत वेखंडाच्या जागी कुलिंजन होतं. मॅदर्स १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविधी करणाऱ्या मंडळाचा एक संस्थापक, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्या साधकांत कुलिंजनच रूढ झालं. त्याचं प्रमाण: बोळ एक भाग, दालचिनी दोन, कुलिंजन अर्धा, आणि या सगळ्यांच्या निम्म्या वजनाचं ऑलिव्ह तेल.

याच काळात मुंबई या जगापासून दूर नव्हती. ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, त्यांनी स्थापलेल्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्या-अध्यात्माच्या संस्थेचं ठाणं काही वर्षं इथेच होतं. त्यांचा कल विधींपेक्षा तत्त्वज्ञानाकडे, तेव्हा तेलाच्या गोष्टीत त्यांना याहून जास्त जागा नको.

खरा फरक ॲलिस्टर क्रोली या इंग्रज जादूविधी-साधकाने केला. प्रमाण त्याने मॅदर्सचंच ठेवलं, पण सुक्या मालाऐवजी ऊर्ध्वपातनाने काढलेले अर्क घेतले: दालचिनीचं तेल आठ भाग, बोळाचं चार, कुलिंजनाचं दोन, ऑलिव्ह सात. एकवीस भागांत आठ भाग दालचिनीचा शुद्ध अर्क! कागदावर गुणोत्तर तेच, बाटलीत वेगळीच वस्तू. सालीच्या भुकटीत सुगंधी तेल जेमतेम काही टक्के असतं. अर्कात सगळं तेच, आणि त्यातलं सिनमाल्डिहाइड कातडीला झोंबतं, फोड आणतं, एकदा ॲलर्जी जडली की सहसा जात नाही. कपाळावर जळजळ झाली म्हणजे तेलात शक्ती आहे, असं सांगणारे विक्रेते आजही भेटतात. ती शक्ती सिनमाल्डिहाइडची असते. जुन्या रीतीने मुरवलेलं तेल सौम्य निघतं, वासही गोल येतो, आणि माझ्या मते ज्याला हे बनवायचंच आहे त्याने हीच वाट धरावी. वेखंड घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की भारतीय वेखंडात बीटा-असारोन हे अपायकारक द्रव्य बरंच असतं. अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडावर बंदी घातली ती त्याचमुळे. बाहेरून लावणं वेगळं, पोटात घेणं वेगळं.

इथे बनवणाऱ्यांची दुसरी अडचण दालचिनीची. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून किरकोळ दुकानांत पोचणारी जाड, कडक साल बहुधा तज असते, व्हिएतनाम किंवा चीनची; सिलोनची दालचिनी पातळ, पापुद्र्यांची आणि बरीच महाग. गंमत अशी की मूळ बायबलच्या कृतीत दोन्ही आहेत, तज तर दुप्पट. ऑलिव्हऐवजी काही जण लाकडी घाण्याचं तिळाचं तेल घेतात. कर्मठांना ते चालत नाही, पण तीळ तेल लवकर खवट होत नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याला कायद्याची चौकटही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार दंड. घरात तेल बनवून स्वतःच्या कपाळाला लावणं या कायद्याच्या कक्षेत येत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं येतं. तेलाने आजार बरा होतो अशी जाहिरात केली तर १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींवरचा केंद्रीय कायदा लागू होतो, आणि अंगाला लावायचं सुगंधी तेल म्हणून विकायला काढलं तर सौंदर्यप्रसाधनाचा उत्पादन परवाना लागतो. अमेरिकेत विसाव्या शतकात टपालाने अशी तेलं विकणाऱ्यांनी यावर एक तोडगा काढला होता: लेबलवर 'केवळ कुतूहलाची वस्तू' असं छापायचं. आपल्याकडच्या काही बाटल्यांवर आता 'फक्त मेणबत्तीसाठी' असं लिहिलेलं असतं.