वर फाईव्हजीच दिसतंय, मग स्पीड कुठे गेला?

जळगावला गोलाणी मार्केटपाशी स्पीड टेस्ट मारली तर आकडा तीनशे मेगाबिटच्या पार जाऊ शकतो, आन् तोच फोन रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात नेला की तीस-चाळीसवर येऊन बसतो, वर चिन्ह मात्र दोन्हीकडे फाईव्हजीचंच. लोकं म्हणता फोन खराब, नाहीतर कंपनी चोर. तसं नाही भो, हे दोन वेगळे फाईव्हजी असू शकता.

टॉवरचा सिग्नल ज्या रेडिओ लहरींवर येतो, त्यांचे वेगवेगळे पट्टे (बँड) असता, ते मेगाहर्ट्झमध्ये मोजता. एक फाईव्हजी ७०० मेगाहर्ट्झवाला, दुसरा ३५०० च्या आसपासचा. फोनमध्ये नेटवर्कची माहिती दाखवणारं ॲप टाकलं तर पहिला एन२८ दिसतो, दुसरा एन७८. ७०० वाला लांब जातो, भिंतीतून घरात शिरतो, पण त्याच्याकडे जागाच कमी, म्हणजे पट्टा अरुंद. २०२२ च्या या लहरींच्या सरकारी लिलावात ७०० घेतला तो एकट्या जिओनं, तोही डेटा यायला १० आन् जायला १० मेगाहर्ट्झ, आन् ३५०० मध्ये घेतला १०० (त्यातच येणं-जाणं दोन्ही, तरी फरक केवढा बघा). ठिबकची नळी पार बांधापर्यंत पोचते पण पाणी थेंबथेंब, आन् मोटरीजवळचा चार इंची पाईप धो धो पण तिथल्या तिथेच, तसंच हे. त्यात ३५०० ला केळीची ओली पानं पण नडता.

एअरटेलकडे ७०० नाहीच. त्यांचा फाईव्हजी सुरू झाला तो फोरजीच्या आधारानं, म्हणून काही फोनवर चिन्ह फाईव्हजीचं आन् डेटा येतोय फोरजीवरून असं पण होतं.

मग गावात काय करायचं? सेटिंगमध्ये जाऊन फोरजी करून बघा. टॉवर दोन-तीन बँड जोडून देत असेल तर फोरजी खुशाल ७०० वाल्या फाईव्हजीच्या पुढे जातो, मला तर त्यात काही कमीपणा वाटत नाही, फक्त पॅकमध्ये अनलिमिटेड डेटा असला तर तो फाईव्हजीवरच असतो, फोरजीवर रोजचा कोटा उडतो हे ध्यानात ठेवा.

आन् हो, स्पीड टेस्टचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, ८ नं भागायचा. ४० आले म्हणजे सेकंदाला ५ एमबी. बऱ्हाणपूरचे केळीचे भाव बघायला, व्हिडिओ कॉलला तेवढं बख्खळ झालं, मोठा पिक्चर उतरवायचा असेल तर जळगावला जाल तेव्हा उतरवा.