नोंदवहीतले हादरे

कृष्णाकाठच्या आमच्या गावात नदीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाणं दरवर्षीचंच. तांब्याला भाव आहे. रात्रीत केबल कापायची, जाळून वरचं रबर काढायचं आणि तांबं भंगारात घालायचं, की झालं. काही वर्षांपूर्वी आमचीच केबल गेली. सकाळी चुलते मोटारीपाशी डोक्याला हात लावून बसले होते, उसाची पाण्याची पाळी चुकली होती, आणि जमलेल्या दहा-बारा जणांतून कुणीतरी म्हणालं, “आधी पालावर बघा.” कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. दुपारी पोलिसांची गाडी आली आणि माळावरच्या पारध्यांच्या पालांतून एका पोराला घेऊन गेली. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला सोडलं. त्याच्याकडं काही मिळालं नाही. केबलही मिळाली नाही.

मला पुढं बरीच वर्षं एक गोष्ट कळत नव्हती. त्या सकाळी तिथं पारध्यांचा द्वेष करणारं कोण होतं? चुलते त्याच पालातल्या बायकांना भांगलणीला बोलवायचे, दिवाळीला त्यांच्या पोरांना फराळ द्यायचे. आलेले हवालदार सज्जन माणूस, वरून फोन आला म्हणून आलेले. प्रत्येकजण आपापल्या जागी बरा होता, आणि तरीही एका निरपराध पोराची एक रात्र कोठडीत गेली. हे घडतं कसं, याचा अभ्यास जगात पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे.

१९६७ साली अमेरिकेत स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी या प्रकाराला नाव दिलं : संस्थात्मक वंशभेद. त्यांचं उदाहरण अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराचं आहे. तिथं गोऱ्या अतिरेक्यांनी चर्चमध्ये बॉम्ब ठेवून काळ्या मुली मारल्या, तेव्हा सगळ्यांना गुन्हा दिसला आणि गुन्हेगारही दिसले. त्याच शहरात दरवर्षी पाचशे काळी बाळं पुरेसं अन्न, निवारा आणि औषधपाणी नसल्यामुळं दगावत होती. तिथं बोट कुणाकडं दाखवायचं? मारणारा हात एकाचा नव्हता. रीत मारत होती.

ही कल्पना सरकारी कागदावर ठसठशीतपणे आली ती लंडनमध्ये. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री बसथांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाची इतकी हयगय केली की दोघांना शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडलं. त्याच्या आईवडिलांनी मात्र पाठ सोडली नाही. विल्यम मॅकफर्सन या निवृत्त न्यायाधीशांनी चौकशी केली आणि १९९९ च्या अहवालात लंडनचं पोलीस दल संस्थात्मक वंशभेदानं ग्रासलेलं असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्या व्याख्येतला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो : नकळत. नकळत झालेला पूर्वग्रह, अज्ञान, अविचार आणि ठरीव साचे यांमुळं एखादी संस्था लोकांना त्यांच्या रंगामुळं किंवा मुळामुळं योग्य सेवा देऊ शकत नाही, तिचं ते सामूहिक अपयश. तिथल्या कितीतरी पोलिसांना ‘आम्हाला वंशद्वेष्टे म्हटलं’ असं वाटून राग आला होता. अहवालाचं म्हणणं वेगळं होतं. शिपाई चांगला असूनही ठाणं अन्याय करू शकतं, हे त्यातून सांगायचं होतं.

जात आणि वंश एक नव्हेत, हे इथंच सांगून ठेवतो. रंगावरून ओळखणं वेगळं आणि आडनावावरून, भाषेवरून, पालावरून ओळखणं वेगळं. पण साचा तयार होण्याची रीत ओळखीची आहे, आणि आपल्याकडं तर तो साचा कायद्यानंच पाडला होता.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. सुतार पिढीजात असतो, विणकर पिढीजात असतो, तसे चोरही पिढीजात असणार, असला तर्क त्यामागं होता. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर सगळ्या ब्रिटिश मुलखात लावता येऊ लागला. त्यात आपल्या भागातल्या जमाती आल्या. रामोशांचंच बघा. गावाची राखण हे ज्यांचं वतनाचं काम, तेच संशयित ठरले. रात्री चावडीवर हजेरी द्यायची, परगावी जायचं तर दाखला घ्यायचा. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची ही हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली. वारणा ओलांडली की ब्रिटिशांचा सातारा जिल्हा लागायचा, आणि आजचा सांगली जिल्हा त्यातूनच पुढं निघाला. तिथं हा जाच राहिला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९२० साली ज्या मांग समाजात जन्मले, त्याच्यावरही या कायद्याची सावली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानं १९४९ साली कायदा मोडीत काढला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. त्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण सात वर्षांतच, १९५९ साली, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो व्यक्तीसाठी होता. ठाण्यातल्या वह्या मात्र त्याच होत्या.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. तो वह्यांचाच आहे, आणि तो समजायला साताऱ्यासारखी दुसरी जागा नाही, कारण आपण भूकंपाच्या मुलखातले लोक आहोत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत मोठा भूकंप झाला. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात, हे पाटण-कराडकडच्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला नको. २०११ साली जॉर्ज मोहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गणित गुन्ह्यांना लावून दाखवलं. एका गल्लीत घरफोडी झाली की आसपास लवकरच दुसरी होण्याची शक्यता वाढते, जणू पाठचा धक्काच. त्यातून प्रेडपोल नावाचं सॉफ्टवेअर निघालं. आज कुठल्या चौकात गस्त घालायची हे ते सांगायचं आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांनी ते घेतलं. यंत्राला ना जात, ना रंग, मग भेदभाव कुठला, असं वाटणं साहजिक आहे.

चूक कुठं झाली, हे भूकंपशास्त्राच्याच भाषेत सांगता येतं. भूकंपमापक यंत्रं वाढवली की नोंदलेले धक्केही वाढतात. जमीन जास्त हलते असं नव्हे, आधी जे बारीक हादरे निसटत होते ते आता सापडतात. म्हणून भूकंपाचे अभ्यासक नोंदी हातात घेतल्यावर आधी एक प्रश्न विचारतात : किती तीव्रतेपासून वरची नोंद पूर्ण आहे? त्याखालचे आकडे ते हिशेबात धरत नाहीत. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं कराडला केंद्र आहे आणि कोयनेच्या खडकात २०१७ साली त्यांनी सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं. यंत्र कुठं बसवलंय त्यावर काय ऐकू येणार हे ठरतं, हे त्या कामातलं पहिलं भान. पोलिसांच्या वहीला हा प्रश्न कुणी विचारत नाही. खून बहुधा कुठंही झाला तरी नोंदला जातो. पण जुगार, हातभट्टी, संशयास्पद फिरणं हे पोलीस जिथं जातील तिथंच सापडतं.

क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी २०१६ साली हे पडताळून बघितलं. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या जुन्या नोंदी त्या गणिताला दिल्या आणि ते गस्त कुठं पाठवतं ते पाहिलं. आरोग्य सर्वेक्षणांवरून नशा करणारे लोक शहरभर बऱ्यापैकी सारखे विखुरलेले होते. गणितानं मात्र काळ्या लोकांना गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात लक्ष्य केलं. पोलीस आधी जिथं जात होते तिथंच नोंदी होत्या, नोंदी होत्या तिथंच यंत्रानं पुन्हा पाठवलं, आणि पाठवलं म्हणून आणखी नोंदी झाल्या.

हे घरी करून बघता येतं. मी पुतणीबरोबर केलं. मडक्यात एक वाघ्या घेवड्याचा दाणा आणि एक पांढऱ्या घेवड्याचा दाणा टाकायचा. न बघता एक दाणा काढायचा, आणि तो परत टाकताना त्याच रंगाचा आणखी एक टाकायचा. असं पन्नास वेळा. पहिल्या खेपेला मडकं वाघ्यानं भरलं. पुतणी म्हणाली, वाघ्या जड असेल. दुसऱ्या खेपेला पांढऱ्यानं बाजी मारली. सुरुवात दोन्हींची सारखीच. कुठला पुढं जाणार ते पहिल्या चार-पाच दाण्यांवर बरंचसं ठरून जातं आणि मग ते सहसा पालटत नाही. पोल्या नावाच्या गणितज्ञावरून याला पोल्याचं मडकं म्हणतात. गस्त आणि नोंद यांच्या फेऱ्याचा अभ्यास करताना संशोधकांनी हेच मडकं वापरलं आहे. आपल्या मडक्यात तर पहिले दाणे योगायोगानं पडलेले नाहीत. १९११ नंतर ते हातानं टाकले गेले.

आमच्या केबलनंतर पुढच्या वर्षी दुसऱ्या एका विहिरीवरची केबल गेली. त्या वेळी पालाचं नावसुद्धा निघालं नाही, थेट त्या पोराचंच निघालं. “त्यो मागंबी उचलला हुता की.” मागच्या वेळी काहीच सापडलं नव्हतं, हे कुणाच्या तोंडी आलं नाही. उचलल्याची आठवण राहते, सोडल्याची राहत नाही.

मग असा भेद मोजायचा कसा? नुसतं ‘अमक्यांना जास्त धरतात’ म्हटलं की उलट उत्तर ठरलेलं असतं : तेच जास्त गुन्हे करत असतील. यावर जेफ्री ग्रॉगर आणि ग्रेग रिजवे यांनी २००६ साली एक देखणी युक्ती काढली. साताऱ्याचंच घ्या. जूनमध्ये सूर्य सातच्या पुढं मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी साडेसहाची वेळ जूनमध्ये उजेडाची आणि डिसेंबरात काळोखाची. वेळ तीच, कामावरून परतणारी वर्दळही साधारण तीच, फक्त अंधारात गाडीतल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. अमेरिकेतले पोलीस चेहरा बघून गाडी थांबवत असतील, तर अंधारात थांबवलेल्यांत काळ्यांचं प्रमाण कमी व्हायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटानं अमेरिकेतल्या सुमारे साडेनऊ कोटी गाडीतपासण्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि २०२० साली निष्कर्ष छापला. अंधार पडल्यावर ते प्रमाण खरोखरच कमी होत होतं.

त्याच अभ्यासात आणखी एक कसोटी होती. ती तासगावच्या बेदाणा सौद्यात उभ्या राहिलेल्या माणसाला लगेच पटेल. समजा, एका गावचा माल म्हटला की व्यापारी जरा शंका आली तरी बॉक्स फोडून बघतो, आणि दुसऱ्या गावचा बॉक्स खात्रीच पटली तर फोडतो. मग पहिल्या गावच्या फोडलेल्या बॉक्सांत खराब माल कमी प्रमाणात निघणार. तो कमी निघाला, हाच व्यापाऱ्याच्या पूर्वग्रहाचा पुरावा. झडतीचंही तसंच. त्या अभ्यासात काळ्या आणि लॅटिनो चालकांची झडती घ्यायला गोऱ्यांपेक्षा कमी पुरावा पुरत होता.

पहिली युक्ती आपल्याकडं चालणार नाही, कारण पालाची जागा अंधारातही सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी मात्र उद्यापासून वापरता येईल. संशयावरून किती जणांना आणलं, त्यातल्या किती जणांविरुद्ध पुरावा मिळाला, आणि ते कोणत्या समाजाचे, एवढं लिहिलं तरी पुरे. पण २०११ च्या जनगणनेतसुद्धा विमुक्तांची वेगळी मोजणी झाली नाही. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या हजेरी घेतली, त्यांची मोजदाद मात्र सरकारकडं नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

पोलिसांच्या मनातलं थोडं मोजलं गेलंय. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या अभ्यास करणाऱ्या संस्थांनी २०१९ च्या अहवालासाठी २१ राज्यांतल्या ११,८३४ पोलिसांशी बोलून पाहणी केली. मुसलमान मुळातच गुन्ह्याकडं वळतात, असं जवळपास निम्म्यांना कमी-अधिक प्रमाणात वाटत होतं. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे : पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात. मी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचतो. चौदा तास उभा असलेला माणूस नव्यानं विचार करत बसत नाही, हाताशी असलेला साचा उचलतो. म्हणून नुसती शिबिरं घेऊन भागणार नाही. साचाच काढून घ्यावा लागेल.

त्या दिशेनं २०२४ साली दोन पावलं पडली. मे महिन्यात अमानतुल्ला खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ मागास किंवा वंचित समाजातला आहे म्हणून कुणाचं नाव हिस्टरी शीटमध्ये, म्हणजे ठाण्यातल्या संशयितांच्या वहीत, यांत्रिकपणे घालू नये. वरिष्ठ अधिकाऱ्यानं या नोंदी वेळोवेळी तपासाव्यात आणि तपासात निर्दोष ठरलेल्यांची नावं काढता यावीत. हे दिल्लीसाठी होतं, इतर राज्यांनीही विचार करावा असं सुचवलं. मग ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतले जातीवरचे भेद आणि विमुक्तांना सराईत मानणारे उल्लेख न्यायालयानं रद्द केले. विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये, असं पोलिसांनाही बजावलं.

तो पोरगा आता दोन मुलांचा बाप आहे. हंगामात द्राक्षबागेत विरळणीला जातो. मागच्या महिन्यात तो आणि मी आमच्या सोप्यात बसलो आणि त्याचं नाव कुठल्या वहीत आहे का, असल्यास काढावं, असा अर्ज लिहायला घेतला. चुलतेही येऊन बसले. त्यांनी चष्मा पुसून मजकूर दोनदा वाचला आणि “केबल माझी हुती, माझी बी सही घ्या,” म्हणाले. नाव, वय, विषय भराभर लिहून झाले. पत्त्याच्या ओळीवर पेन थांबलं. पालाला घर नंबर नसतो, माळ गायरान आहे, वीजबिल नाही. तो म्हणाला, “तुमचाच घाला, दादा.” मी आमचा घर नंबर लिहिला.