चॅट्सवर्थची रेल्वे: आली, वळली, बंद पडली

चॅट्सवर्थ हाउस हा इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातला डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा वाडा. आजची वास्तू बरीचशी पहिल्या ड्यूकने १६८७ ते १७०७ या काळात उभारली. वाडा पाहुण्यांना दाखवण्याची प्रथा जुनी होती, पण तिथवर जायला घोडागाडीचे पैसे लागत. गिरणी कामगारांना ती वाट उघडली रेल्वेने.

जून १८४९ मध्ये अँबरगेटहून रोझलीपर्यंत गाडी सुरू झाली. बोरीबंदर-ठाणे गाडी धावायला तेव्हा अजून चार वर्षे होती. रोझलीहून वाडा जेमतेम पाच किलोमीटर. त्या एका उन्हाळ्यात सुमारे ८०,००० माणसे तो पाहून गेली. लेस्टरचा थॉमस कुकही सहलींचे जथे तिकडे नेत असे.

या कथेतला माझ्या मते सर्वांत मोठा माणूस म्हणजे जोसेफ पॅक्स्टन. शेतकऱ्याघरचा हा मुलगा १८२६ मध्ये, ऐन तारुण्यात, सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी झाला. त्याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या माळ्याला भारतात धाडले, आणि खासी टेकड्यांमधली ऑर्किड्स चॅट्सवर्थच्या काचघरांत फुलू लागली. हाच पॅक्स्टन त्या रेल्वे कंपनीचा संचालकही होता. रोझलीचे मूळ स्थानक त्याच्याच आराखड्यानुसार बांधले, आणि त्याची इमारत अजून उभी आहे. कारंजी येणाऱ्या प्रत्येकासाठी सोडावीत, त्यात भेदभाव नको, असा ड्यूकचा हुकूम होता. दारात आलेल्या गर्दीला न घाबरणारे असे मालक तेव्हा फार नव्हते, म्हणून मला या ड्यूकबद्दल आदर वाटतो.

पुढे मार्ग थेट चॅट्सवर्थच्या आवारातून उत्तरेकडे न्यायचा बेत होता. सहावा ड्यूक १८५८ मध्ये वारला आणि त्याच्या वारसाने नकार दिला. मग रूळ वळले शेजारच्या रटलंडच्या ड्यूकच्या जमिनीकडे. हॅडन हॉल या त्याच्या जुन्या वाड्यातून गाड्या दिसू नयेत म्हणून सुमारे एक किलोमीटरचा बोगदा बांधावा लागला. १८६३ मध्ये मार्ग बक्स्टनला पोहोचला.

रोझली स्थानक १९६७ मध्ये बंद झाले आणि पुढच्याच वर्षी मॅटलॉकच्या पलीकडचा मार्गही. दरम्यान १९५० मध्ये दहावा ड्यूक वारला, तेव्हा ८० टक्के वारसा कराचा बोजा घराण्यावर पडला. पर्यटकांचे तिकीट तेव्हापासून वाड्याचा आधार बनले. नेमक्या त्याच काळात तिथली रेल्वे मोडावी, हा निर्णय मला आजही अदूरदर्शी वाटतो.

आता डर्बीहून गाडी मॅटलॉकपर्यंतच जाते. वाड्याला जाणारे तिथून, नाहीतर चेस्टरफील्ड किंवा शेफील्डला उतरून, बस पकडतात. मॅटलॉक ते रोझली या तुकड्यावर स्वयंसेवकांनी हौसेने जुन्या गाड्या पुन्हा चालवल्या, आणि बेकवेलच्या पुढे जिथे रूळ होते तिथे आज लोक पायी आणि सायकलने फिरतात.