एनएफएस फाइलवाटप : बिघाडांचा शोध

नेटवर्क फाइल सिस्टीम, म्हणजेच एनएफएस, या पद्धतीत सर्व्हरच्या डिस्कवरचे फोल्डर नेटवर्कवरील इतर संगणकांना स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारखे वापरता येते. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९८४ मध्ये विकसित केली. तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये, चौथी २००० मध्ये आणि ४.२ ही आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या यंत्रणांमुळे तिसरी आवृत्तीही अजून टिकून आहे. ही नोंद लिनक्स सर्व्हर व लिनक्स क्लायंट (फोल्डर वापरणारा संगणक) यांच्यापुरती आहे.

क्लायंटची विनंती सर्व्हरच्या डिस्कपर्यंत पोचताना पाच ठिकाणी अडू शकते : नेटवर्क, आरपीसी सेवा (दुसऱ्या संगणकाकडून काम करून घेण्याची यंत्रणा), एक्सपोर्टची यादी (कोणते फोल्डर कोणाला द्यायचे याची), वापरकर्त्याची ओळख आणि शेवटी प्रत्यक्ष फाइलसिस्टीम. पडद्यावरचा संदेश मात्र यांतले ठिकाण क्वचितच सांगतो. म्हणून संदेशाच्या शब्दांइतकेच तो कधी आला हे महत्त्वाचे ठरते. प्रवेश नाकारल्याचा संदेश माउंट करतानाच, म्हणजे सर्व्हरचे फोल्डर क्लायंटला जोडतानाच आला, तर दोष बहुतेक वेळा एक्सपोर्टच्या यादीत असतो. माउंट व्यवस्थित होऊन फाइल उघडताना आला, तर वापरकर्त्याच्या क्रमांकात. हा फरक न पाहता फोल्डरला ७७७ (सर्वांना सर्व काही) परवानगी देऊन टाकण्याची सवय सर्रास दिसते. तिने पहिला दोष जात नाही. दुसरा झाकला जातो आणि फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळे होते.

माउंटच होत नाही तेव्हा

‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा भला लांब संदेश आला की डिस्क खराब झाली असे वाटते. प्रत्यक्षात बहुधा क्लायंटवर एनएफएसचे साहाय्यक पॅकेजच नसते. डेबियन व उबुंटूवर त्याचे नाव एनएफएस-कॉमन, रेड हॅट कुळात एनएफएस-यूटिल्स. ते बसवले की त्याच आज्ञेने माउंट होते.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही : सर्व्हरची सेवा सुरू आहे का ते पाहावे. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पाकिटे वाटेत गुपचूप टाकली जात आहेत. हे काम बहुतेकदा फायरवॉलचे. ‘नो रूट टू होस्ट’ने अनेकांचा वेळ जातो. पिंग चालते, तरी संदेश म्हणतो वाट नाही. रेड हॅट कुळातील फायरवॉलडी ही फायरवॉल सेवा बंद पोर्टवर आलेल्या पाकिटाला ‘मनाई’चे उत्तर पाठवते आणि क्लायंटचे कर्नल त्याचा अर्थ ‘वाट नाही’ असा लावते. अशा वेळी राउटरकडे न जाता सर्व्हरची फायरवॉल पाहावी.

चौथ्या आवृत्तीला २०४९ हे एकच टीसीपी पोर्ट पुरते. तिसरीला त्याशिवाय आरपीसीबाइंडचे (कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारी सेवा) १११ आणि माउंटडीचे (माउंटच्या विनंत्या हाताळणारी सेवा) पोर्ट लागते. माउंटडीचे पोर्ट ठरवून दिले नसेल, तर काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वितरणांवर) ते सेवा सुरू होताना दरवेळी बदलते. त्यामुळे काल चालणारे माउंट सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर आज चालत नाही. उपाय म्हणजे ते पोर्ट सेटिंगमध्ये पक्के करून फायरवॉलमध्ये उघडणे. सर्व्हरवर फक्त चौथी आवृत्ती सुरू असेल, तर क्लायंटवरून एक्सपोर्टची यादी दाखवणारी शोमाउंट आज्ञा चालत नाही, कारण ती माउंटडीलाच विचारते. त्यावरून सर्व्हर बिघडला असे समजू नये.

एक्सपोर्टची यादी

सर्व्हरवरील एक्सपोर्ट्स फाइलच्या प्रत्येक ओळीत फोल्डर, मग क्लायंटचा पत्ता आणि त्याला चिकटून कंसात पर्याय असतात. चिकटून हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. १९२.१६८.१.०/२४ या पत्त्यानंतर जागा न सोडता कंसात आरडब्ल्यू (वाचन-लेखन) लिहिले, तर त्या नेटवर्कला लेखनाची परवानगी मिळते. मध्ये एक स्पेस पडली, तर अर्थच पालटतो : त्या नेटवर्कला मूळ पर्याय, म्हणजे फक्त वाचन मिळते आणि लेखनाची परवानगी उरलेल्या साऱ्या जगाला. ऑफिसमधल्या कोणाला लिहिता येत नाही एवढीच तक्रार येते. फोल्डर बाहेरच्यांना उघडे पडले आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून फाइल बदलली की एक्सपोर्टएफएस आज्ञा ‘आरए’ पर्यायाने चालवून यादी नव्याने लागू करावी आणि लगेच ‘व्ही’ पर्यायाने सर्व्हरने ती कशी वाचली हे पाहावे. खरे काय ते या दुसऱ्या आज्ञेतच दिसते.

यादी बरोबर असूनही नकार येत असेल, तर क्लायंट सर्व्हरला कोणत्या पत्त्यावरून दिसतो ते तपासावे. दोन नेटवर्क कार्डे असलेला किंवा नॅटमागचा (पत्ता बदलून पाठवणाऱ्या राउटरमागचा) संगणक भलत्याच पत्त्याने येतो. मॅक व काही व्हर्च्युअल मशीन १०२४ च्या वरच्या पोर्टवरून जोडणी करतात आणि सर्व्हर ती मुळातच नाकारतो. त्यासाठी सर्व्हरवर ‘इनसिक्युअर’ किंवा मॅकवर ‘रेझव्हपोर्ट’ हा पर्याय आहे.

माउंट झाले, पण लिहिता येत नाही

नेहमीच्या व्यवस्थेत एनएफएस नाव पाहत नाही, क्रमांक पाहते. एखाद्या वापरकर्त्याचा यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) क्लायंटवर १००१ आणि सर्व्हरवर १००३ असेल, तर नाव सारखे असूनही सर्व्हरच्या लेखी ती वेगळी व्यक्ती. दोन्हीकडे ‘आयडी’ आज्ञा चालवावी आणि ‘एलएस’ला ‘एलएन’ पर्याय देऊन फाइलच्या मालकाचा आकडा पाहावा. मिनिटभरात निकाल लागतो. यंत्रे दोन-चार असतील तर क्रमांक हाताने जुळवता येतात. जास्त असतील तर एलडॅपसारखी सामायिक निर्देशिका हवीच.

चौथ्या आवृत्तीत मालकाचे नाव डोमेनसह जाऊ शकते. दोन्ही बाजूंच्या आयडीमॅपडी (नावे व क्रमांक यांची सांगड घालणारी सेवा) फाइलमध्ये डोमेन वेगळे असेल, तर सगळ्या फाइली ‘नोबडी’च्या, म्हणजे अनामिक वापरकर्त्याच्या दिसतात. डोमेन सारखे करून क्लायंटवर एनएफएसआयडीमॅप आज्ञेने जुनी नोंद पुसावी. मात्र केर्बेरॉस (ओळख पटवणारी यंत्रणा) नसेल, तर परवानगीचा निर्णय तरीही क्रमांकावरच होतो. त्यामुळे मालकाचे नाव बरोबर दिसते आणि लिहिता येत नाही, अशी कोड्यात टाकणारी स्थिती उद्भवते.

रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला सर्व्हर मुद्दाम ‘नोबडी’ करतो. त्याचा क्रमांक ६५५३४. बॅकअपची स्क्रिप्ट रूट म्हणून चालत असेल, तर ती इथे अडते. त्यासाठी हे संरक्षण सर्वांसाठी काढून न टाकता फक्त त्या एका यंत्रासाठी काढावे. आणखी एक मर्यादा फारशी कोणाला ठाऊक नसते : या क्रमांकांच्या व्यवस्थेत विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ गट पाठवता येतात. वीस गटांत असलेल्या माणसाला काही फोल्डर उघडतात आणि काही उघडत नाहीत. माउंटडीला ‘मॅनेज-जीआयडीज’ पर्याय दिला की गट सर्व्हर स्वतः शोधतो. अर्थात त्याला ते वापरकर्ते माहीत असावे लागतात.

सगळे अडकून बसते

सर्व्हर गप्प झाला की क्लायंटवर डिस्कची जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञासुद्धा अडकते आणि प्रक्रिया ‘डी’ (ताटकळण्याच्या) अवस्थेत जातात. हे ‘हार्ड’ माउंटचे ठरलेले वागणे आहे. क्लायंट ६० सेकंदांच्या मुदतीने विचारत राहतो आणि सर्व्हर परतला की काम पुढे सुरू होते. याला कंटाळून ‘सॉफ्ट’ पर्याय लावणे लेखन चालणाऱ्या फोल्डरसाठी धोक्याचे आहे. मुदत संपल्यावर प्रोग्रॅमला चूक कळवली जाते, अनेक प्रोग्रॅम ती तपासत नाहीत आणि फाइल अर्धवट राहते. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर चौथी आवृत्ती जुनी कुलुपे (फाइल लॉक) परत मागण्यासाठी क्लायंटना ९० सेकंद देते. तोवर नव्या फाइली उघडत नाहीत. ‘अजून चालत नाही’ म्हणून सेवा पुन्हा रीस्टार्ट केली, की हे ९० सेकंद पहिल्यापासून सुरू होतात.

माउंट होते, छोट्या फोल्डरची यादी दिसते, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की हालचाल थांबते. असे झाले तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) तपासावे. एका यंत्रावर ९००० चे जम्बो फ्रेम आणि मधला स्विच १५०० वरच, हे त्याचे नेहमीचे कारण. तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा). १४७२ चे पोचते आणि ८९७२ चे नाही, म्हणजे वाटेतले एखादे यंत्र मागे राहिले आहे. सगळ्यांवर एकच आकडा ठेवावा.

शिळे हँडल आणि रिकामे फोल्डर

क्लायंट फाइलला नावाने नव्हे तर हँडलने ओळखतो. त्यात फाइलसिस्टीमची ओळख व आयनोड (डिस्कवरील फाइलची नोंद) क्रमांक असतो. सर्व्हरवर कोणी फोल्डर काढून त्याच नावाचे नवे केले, किंवा डिस्क फॉरमॅट करून बॅकअप परत घातला, की हँडल निरर्थक होते आणि ‘स्टेल फाइल हँडल’ हा संदेश येतो. त्या फोल्डरमधून बाहेर पडून अनमाउंट व पुन्हा माउंट करावे. ते न जमल्यास अनमाउंटला ‘एल’ पर्याय द्यावा. प्रत्येक रीस्टार्टनंतर हेच होत असेल, तर एक्सपोर्टमध्ये ‘एफएसआयडी’ (फाइलसिस्टीमची ओळख) पक्का करून द्यावा.

फोल्डर रिकामे दिसले तर आधी सर्व्हरवर जाऊन तिथली डिस्क खरोखर माउंट झाली आहे का ते बघावे. ती झालेली नसताना एक्सपोर्ट चालू राहिले, की क्लायंटला खालचे रिकामे फोल्डर दिसते आणि त्यात लिहिलेला डेटा भलत्या डिस्कवर जातो. ‘माउंटपॉइंट’ पर्याय दिला, तर डिस्क नसताना सर्व्हर ते फोल्डर देतच नाही. एक्सपोर्टच्या आत दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर ती क्लायंटला दिसण्यासाठी ‘क्रॉसएमएनटी’ लागते.

एका यंत्रावर केलेली नवी फाइल दुसऱ्यावर लगेच दिसत नाही, हा मात्र बिघाड नव्हे. क्लायंट फाइलची माहिती ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरची ३० ते ६० सेकंद जपून ठेवतो. ‘नोएसी’ने हे बंद होते, पण प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारावे लागल्याने वेग फार घसरतो.