क्रिप्टो विकण्याआधी हे वाचा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दरवर्षी रिटर्नचा हंगाम सुरू झाला की आमच्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "साहेब, क्रिप्टोत सगळं मिळून तोटाच झालाय, मग टॅक्स कसला?" हे पत्रक त्या प्रश्नासाठी आहे. बिटकॉइन म्हणजे काय, खातं कसं उघडायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

'सगळं मिळून' हा हिशोब क्रिप्टोला चालत नाही. शेअर्समधला तोटा नफ्यातून वजा करता येतो, उरला तर नियमांत बसेल तसा पुढच्या वर्षांतही नेता येतो. क्रिप्टोला १ एप्रिल २०२२ पासून यातलं काहीच लागू नाही. समजा, बिटकॉइनमध्ये ४०,००० रुपये सुटले आणि दुसऱ्या एखाद्या कॉइनमध्ये ३५,००० गेले. तुमच्या मते नफा ५,०००. कायद्याच्या लेखी ४०,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे १२,०००, त्या करावर ४ टक्के सेस (उपकर), एकूण १२,४८०. वर्षभर धावपळ करून शेवटी पदरचे ७,४८० गेले. खरेदीची किंमत सोडली तर बाकी काही वजा मिळत नाही. कर्जाचं व्याज नाही, टिप्स देणाऱ्या ग्रुपची वर्गणी तर नाहीच.

एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी तीही विक्रीच धरली जाते. बँकेत रुपया आला नाही म्हणून व्यवहार झाला नाही, असं होत नाही. परदेशी एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात) टीडीएस, म्हणजे व्यवहारातच आगाऊ कापला जाणारा टॅक्स, कापला गेला नाही, तरी टॅक्स सुटत नाही.

आता टीडीएस. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का कापला जातो, आणि तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. एक लाख रुपये घेऊन उतरलात आणि भाव जागचा हलला नाही, तरी तीस वेळा विकून पुन्हा घेतलंत की हातात साधारण ७४,००० उरतात. एक्स्चेंजची फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळाच. कापलेला टीडीएस रिटर्नमध्ये जमा धरला जातो, जादा असेल तर परतही मिळतो. पण तोवर ते भांडवल अडकलेलं असतं. आणि तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या नोंदीत, विक्रीचा आकडा दिसतो सुमारे २६ लाखांचा! लाखभर रुपये फिरवणाऱ्या माणसाला विचारणा येते ती या आकड्यामुळे.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की विकण्याचं बटण दाबण्याआधी थांबा. हा सौदा का करतोय, कितीला घेतला होता, टॅक्स जाऊन किती उरेल, या तीन गोष्टी मोजक्या शब्दांत का होईना, वहीत लिहा. लिहायचा कंटाळा आला, तर तो सौदा बहुधा करण्याजोगा नव्हता. रात्री भाव पडला म्हणून विकलं, सकाळी चढला म्हणून परत घेतलं, अशा फेऱ्यांतच आमच्या ग्राहकांचे सर्वाधिक पैसे जाताना आम्ही पाहतो.

धीर म्हणजे काहीही झालं तरी धरून बसणं, असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात १६,००० च्या घरात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. पण मे २०२२ मध्ये लुना हा कॉइन काही दिवसांत जवळपास शून्यावर आला. तिथे थांबणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. कुठे बाहेर पडायचं ते घेतानाच ठरवलेलं असावं. आणि वर्षभर ठेवलं की टॅक्स कमी बसतो, हा शेअर्सवरून आलेला समज इथे सोडून द्या. दर तोच ३० टक्के. फरक इतकाच, की विकेपर्यंत टॅक्स लागत नाही.

आम्ही प्रत्येक सौद्याचा रिपोर्ट का मागतो, यावर काहीजण नाराज होतात. व्हॉट्सॲपवर ॲपचा स्क्रीनशॉट येतो, त्यात फक्त वर्षाचा एकूण नफा-तोटा. त्यावरून रिटर्न भरता येत नाही. क्रिप्टोच्या तक्त्यात विकत घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची किंमत आणि विक्रीची रक्कम लागते. शिवाय एका वॉलेटमधून (कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटातून) स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये पाठवलेले कॉइन रिपोर्टमध्ये विक्रीसारखे दिसतात, ते एकेक करून वेगळे काढावे लागतात. आमची फी नोंदींच्या संख्येवर आहे, ती त्यामुळेच. वीस सौदे असणाऱ्याने दोन हजार सौदेवाल्याच्या कामाचे पैसे का द्यावेत?

कुठला कॉइन घ्यावा, हे आम्ही सांगत नाही. कृपया विचारू नका. मात्र दर तिमाहीला एक्स्चेंजचा रिपोर्ट आणून दिलात, तर आतापर्यंत किती टॅक्स बसला आणि आगाऊ कर भरायचा का, हे आम्ही काढून देतो. वर्षाचा देय टॅक्स टीडीएस वजा जाता १०,००० च्या वर जात असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत हप्ते भरावे लागतात. चुकले की व्याज लागतं. आमच्या वार्षिक ग्राहकांना या तिमाही हिशोबाची वेगळी फी नाही.

येताना रिपोर्ट एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये आणा. सोबत बँक स्टेटमेंट आणि स्वतःच्या सगळ्या वॉलेटची यादी. पासवर्ड आणि सीड फ्रेज (वॉलेट उघडून देणारी गुप्त शब्दांची यादी) मात्र कुणालाच देऊ नका, आम्हालाही नाही.