एका वेळी एकच आकडा: सेव्हन सेगमेंटच्या मल्टिप्लेक्सिंगची पार्श्वभूमी

सेव्हन सेगमेंट डिस्प्ले म्हणजे सात उजळणाऱ्या पट्ट्यांनी (सेगमेंटनी) आकडा दाखवणारा डिस्प्ले. असा चार आकड्यांचा डिस्प्ले मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकाला, सरळ जोडायचा म्हटलं तर दशांशचिन्हासकट ३२ पिना लागतात. आपण १२ पिनांत भागवतो. आठ सेगमेंट सगळ्या आकड्यांना सामाईक असतात, आणि उरलेल्या चार पिना कोणता आकडा पेटवायचा ते ठरवतात. एका क्षणी एकच आकडा लागलेला असतो. पाळी इतक्या झपाट्याने फिरते की डोळ्याला चारही सलग दिसतात. यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. पिना पुरेनात म्हणून मागाहून शोधलेली ही युक्ती, असा बऱ्याच जणांचा समज असतो. इतिहास पाहिला तर पहिला मायक्रोकंट्रोलर ही सोय अंगात घेऊनच आलेला दिसतो.

पट्ट्यांनी आकडा काढण्याची कल्पना खूप जुनी. फ्रँक वूड यांच्या १९१० च्या अमेरिकन पेटंटात आठ पट्ट्या होत्या, त्यातली एक तिरकी, ४ लिहिण्यासाठी. खरा जोर आला तो एलईडी आणि खिशातल्या कॅल्क्युलेटरमुळे. १९७२ च्या एचपी-३५ या कॅल्क्युलेटरमध्ये १५ आकडे होते आणि सगळं बॅटरीवर चालवायचं होतं. त्या काळच्या लाल एलईडीला सतत थोडा करंट देण्यापेक्षा क्षणभर जास्त दिला, तर सरासरी तेवढ्याच करंटमध्ये उजेड अधिक मिळे. म्हणजे आळीपाळीने पेटवणं फायद्याचंच होतं. शिवाय रेझिस्टरमध्ये वीज तापून वाया जाऊ नये म्हणून एचपीने छोट्या कॉइल वापरल्या: आधी कॉइलमध्ये ऊर्जा साठवायची, मग ती एलईडीत सोडायची. मला हे डिझाइन आजही फार देखणं वाटतं.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा १९७४ साली बाजारात आलेला पहिला मायक्रोकंट्रोलर याच कॅल्क्युलेटरच्या चिपमधून वाढला. त्याच्या पिनाच बघा. आठ ‘ओ’ आउटपुट सेगमेंटसाठी, अकरा ‘आर’ आउटपुट आकडे निवडण्यासाठी, आणि चार ‘के’ इनपुट कीबोर्डसाठी. आकडे फिरवणाऱ्या त्याच ‘आर’ लाइन बटणंही तपासत.

आपल्याकडे अनेकांची पहिली ओळख झाली ती कॉलेजच्या लॅबमधल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर: चार आकडे अ‍ॅड्रेसचे, दोन डेटाचे. तिथे आकडे फिरवण्याचं काम (स्कॅनिंग) बहुधा ८२७९ ही वेगळी चिप करी, त्यामुळे ते नजरेआडच राहिलं. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आल्यावर हे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलं. ८०५१ ची पिन करंट ओढून घेते बऱ्यापैकी, पण देते अगदी जेमतेम. म्हणून कॉमन अ‍ॅनोड डिस्प्ले (ज्यात एका आकड्याच्या सगळ्या एलईडींचं धन टोक एकत्र जोडलेलं असतं) आणि प्रत्येक आकड्याला एक बीसी ५५७ ट्रान्झिस्टर, अशी जोडी रुळली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एलटी ५४२ हा असा डिस्प्ले मागितला की दुकानदार पुढचं काही विचारत नसे.

टायमर इंटरप्टमध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यात, दर २ मिलिसेकंदांनी आकडा बदलला, तर चार आकड्यांची फेरी सेकंदाला १२५ वेळा होते आणि लुकलुक जाणवत नाही. तरी शेजारच्या आकड्याची पुसट सावली दिसत राहते. कारण ट्रान्झिस्टर बंद व्हायला काही मायक्रोसेकंद घेतो, आणि तेवढ्यात पोर्टवर (सेगमेंटच्या पिनांवर) पुढच्या आकड्याचे सेगमेंट आलेले असतात. उपाय क्रमात आहे: आधी सगळे सेगमेंट विझवा, चालू आकडा बंद करा, थोडं थांबा, पुढचा आकडा निवडा आणि सगळ्यात शेवटी त्याचे सेगमेंट लावा.